तिसऱ्या मजल्यावरची पपई

(मारतहळ्ळीतली मुलींची पीजी. मैत्रेयीच्या खोलीचं दार अर्धंच उघडलेलं, चौकटीत मालकीण भागुबाईंचा पाय.)

भागुबाई : पाय काढायची न्हाई मी. आत कोण घोरतंय ते आधी सांग.

मैत्रेयी : कोणी नाहीये अक्का. मोबाइलवर व्हिडिओ होता. माझी मीटिंग आहे, प्लीज.

भागुबाई : मोबाइल पहाटेपासनं घोरतोय? खालच्या खोलीतल्या पवित्रानं बी ऐकलंय. बाप्या लपवला असशील तर आत्ताच्या आत्ता पुण्याला तुझ्या बाबांना फोन लावते.

मैत्रेयी : बाबांना नको ना, अक्का!

भागुबाई : बरं. आणि ती पपई?

मैत्रेयी : पपईचं काय?

भागुबाई : रोज एक वर नेतीस. फळवाला मला विचारायला लागलाय, पीजीत दुकान काढलंय काय म्हणून. पोरीबाळी पपई कशापायी खातात ते मला नको शिकवू. माझी बी बाळंतपणं झालीत.

मैत्रेयी : अय्यो, काहीही काय! डाएट आहे माझं.

भागुबाई : डाएट? आणि काल बिसीबेळे भात परत मागून खाल्लास तो? ...हे बघ! परत घोरला. सरक. सरक म्हणते ना!

मैत्रेयी : अक्का, हळू, घाबरेल तो!

भागुबाई : अगं बया! हे काय गं? कावळ्याला रंगाच्या डब्यात बुचकळलंय काय?

मैत्रेयी : टूकन पक्षी आहे. तिकडे दक्षिण अमेरिकेच्या जंगलांत असतात. फळंच खातो. आवाज त्याचा, पपईपण त्याचीच.

भागुबाई : एवढं नाक घेऊन उडतंय कसं?

मैत्रेयी : हलकी असते चोच. बघा, तुकडा कसा वर उडवून गिळतो.

भागुबाई : आहा! गुणाचं हाय की. स्वल्प थांब. आणलं कुणी हे?

मैत्रेयी : शुभंकरचाय.

भागुबाई : तो कोरमंगल्याचा, बुलेटवाला? तुला सोडायला यायचा तो?

मैत्रेयी : हो. दोन दिवस सांभाळ म्हणाला.

भागुबाई : आणि आता कुठं हाय?

मैत्रेयी : फोन बंद आहे. रूमपण सोडलीय त्यानं.

भागुबाई : पाखराचे कागद?

मैत्रेयी : मागितले होते. चिडला.

भागुबाई : म्हंजे चोरीचा माल तुझ्या गळ्यात मारून पसार! वनखात्याची माणसं आली तर धरतील कुणाला?

मैत्रेयी : तो तसा नाहीये, अक्का. येईल तो.

भागुबाई : येणारा माणूस खोली सोडत न्हाई, पोरी. ऐक. माझा भाचा योगीराज वकिलाकडं कामाला हाय. त्याला बोलावते. आपण होऊन पाखरू नेऊन देऊ, म्हंजे तुझ्यावर बालंट येणार न्हाई.

मैत्रेयी : सरी, ठीक आहे. पण बाबांना...

भागुबाई : पाखरापायी त्यांना कशाला फोन लावू? एक मात्र सांग. घोरणं पाखराचं. पपई पाखराची.

मैत्रेयी : हो.

भागुबाई : मग सकाळी फोडणीचा वास आला तशी तोंड दाबून मोरीकडं पळालीस, ते कुणाचं?

मैत्रेयी : (हातातली पपईची फोड खाली ठेवते.)

भागुबाई : मैत्रेयी?

मैत्रेयी : अक्का, दार लावून घ्या.

भागुबाई : लावते. तू बस खाली. आणि ती पपई आण इकडं, मीच भरवते त्याला.