दंडातली नस

चांगली बातमी द्यायला गेलो आणि कसा तोंडावर आपटलो, ते ऐका. मी इथं सोलापुरात मेडिकलला शरीररचना शिकवतो, माहीतच आहे. मागल्या साली एका यंत्रमाग कामगाराचं देहदान आलं. त्याच्या उजव्या दंडाच्या हाडाला आकड्यासारखं टोक होतं आणि बोटांकडे जाणारी नस त्याखाली दबलेली. इतकी वर्षं पुस्तकातच पाहिलेलं! तो हात आम्ही जपून ठेवला.

देहदानात अग्नी दिलेला नसतो, म्हणून घरचे फुलं आमच्या विभागाच्याच दाराशी वाहतात. वर्षश्राद्धाला त्या कामगाराचा मुलगा आईला घेऊन आला. ती सावकाश जिना चढत होती, तोवर मी हौसेनं मुलाला सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे बोटं खरंच बधिर व्हायची?"

"व्हायचीच की. धागा धरवला नसेल त्यांना."

तो बाकावर बसला. "आमी त्यांना कामचुकार म्हणायचो, सर. जरा हात दाबून दे म्हणाले, की आई म्हणायची, नाटकं बंद करा. तिला नका सांगू."

मी वळलो. ती दारातच उभी होती.

"साहेब," ती म्हणाली, "आता दाबला तर चालंल का?"