निळ्या पट्ट्यांच्या चपला

सासूबाई: ते कलम-बिलम राहू दे. सनद राहिली की गेली, तेवढं सांग.

सून: राहिली, आई. तक्रार फेटाळली. उद्यापासून पुन्हा काळा कोट.

सासूबाई: हुश्श! जीव भांड्यात पडला गं बाई. सव्वीस वर्षं बायकांचे खटले लढलीस, आणि माझ्या एका हट्टापायी घरी बसली असतीस.

सून: तुमचा कसला हट्ट? तक्रार तिच्या नवऱ्याची होती. मी त्याच्या बायकोला घरात दडवली, त्याच्याविरुद्ध पढवली, म्हणे.

सासूबाई: आणि ती इथे आहे हे त्याला कळलं कशावरून? दाराबाहेरच्या चपलांवरून. निळ्या पट्ट्यांच्या. मीच काढायला लावल्या. मार खाऊन आलेली बाई दारात उभी, आणि मला पडलीय माझ्या फरशीची!

सून: इतके दिवस हे मनात ठेवलंत?

सासूबाई: घास उतरत नव्हता. म्हणून तर चौकशीला आपणहून आले, साक्ष द्यायला.

सून: आणि मला तुमचीच धास्ती! तुम्ही तोंडाच्या फटकळ, काय बोलाल याचा नेम नाही.

सासूबाई: फटकळ म्हणूनच निभावलं. त्याचा तो चष्मेवाला वकील विचारतो, "सुनेने तिला आल्या आल्या काय पढवलं?" म्हटलं, "तीन दिवस ती नुसती झोपून होती. पढवणार कोणाला, उशीला?"

सून: चौकशी समितीचे अध्यक्षसुद्धा हसले हो.

सासूबाई: "घरात कोणी घेतलं?" मी घेतलं. "नाव-गाव न विचारता?" हो, न विचारता. आमच्या घरात आधी जेवण, मग झोप, मग नाव. रीत तुझीच, पण आता माझ्याही अंगवळणी पडलीय. पहिल्यांदा तू अशी कोणाला घरी आणलीस, तेव्हा मी महिनाभर अबोला धरला होता.

सून: महिना कसला? चाळीस दिवस.

सासूबाई: मोजलेस होय! शेवटी वकीलच तू.

सून: आज तुम्ही नसतात ना, आई, तर...

सासूबाई: पुरे. डोळे पूस आधी.

(दारावरची घंटा वाजते.)

सून: बसा तुम्ही, मी बघते.

सासूबाई: तू कोटाला इस्त्री कर. दार माझ्याकडे... कोण गं? ये, ये. नाव राहू दे, मग सांग. आणि चपला काढू नकोस बाई, तशीच आत ये.