नळाला लावलेली रिंग

मार्वे जेट्टीवर मनोरीच्या बोटीची रांग लागली होती. माझ्यापुढे एक ताई आणि तिचा धाकटा भाऊ उभे होते.

"प्रज्योत, फ्रीजरमागचा विजेचा बॉक्स तूच बदललास ना?"

"हो ताई. प्लास्टिकचा तडकला होता. आता लोखंडी लावलाय, एकदम मजबूत."

"वायर आत जाते त्या भोकात काय बसवलंस?"

"काय बसवायचं? गेली की वायर आत."

"अरे, पत्र्याची कड धारदार असते. फ्रीजर हलला की वायर घासून कापणार."

"प्लास्टिकमध्ये तर नाही कापली."

"त्याला अशी धार नसते. शिवाय वायर धरायला क्लिप होती."

"ती फेकली. म्हणजे मजबूत ते वाईट?"

"वाईट नाही रे. लोखंडी बॉक्सला भोकात रबरी रिंग लागते, वायर क्लॅम्पने आवळावी लागते, अर्थिंगही लागतं. दुकानदाराने रिंग दिली नाही?"

"दिली. मला वाटलं, जास्तीची आहे. अंगणातल्या नळाला लावली. गळायचा थांबला ना."

"आई आता काय करतेय?"

"बोंबील धुतेय. फ्रीजरमध्ये भरायचेत."

"ओल्या हातांनी? वायर कापली असेल तर अख्ख्या बॉक्सला करंट येईल. फोन लाव तिला."

"आई, हात पुस आणि मेन स्विच बंद कर. नाही गं, बिल भरलंय. वायरमन येईपर्यंत फ्रीजरला हात लावू नको, बोंबील बर्फात ठेव. नळाची रिंग खरं तर बॉक्सची होती... ताई, ती विचारतेय, काढून ठेवू का?"

"राहू दे म्हणावं. तू रांगेतून बाहेर ये, आधी नवी घेऊ."