नाव नसलेला डबा

ठकी : काका, आधी तो माउस सोडा. आता कशालाही हात लावू नका. आणि नीट सांगा, काय काय उडवलंत?

काका : उडवलं काय म्हणतेस? साफसफाई केली. उघडावं तेव्हा लाल पट्टी, जागा भरली, जागा भरली. दुकानात जागा भरली की मी काय करतो?

ठकी : ज्या डब्यावर चिठ्ठी नाही तो रिकामा करता.

काका : मग! तेच केलं. तुझ्या त्या कंट्रोल पॅनलमधलं फाइल मॅनेजर उघडलं. आत डबेच डबे. एकावर 'मेल' लिहिलेलं, तो ठेवला. एकावर काहीतरी पब्लिक-बिब्लिक. आपल्या दुकानाचं नाव नाही, काही नाही. म्हटलं, हा कोण आगंतुक? काढून टाकला.

ठकी : अहो, तोच तर तुमचा डबा! अख्खी वेबसाइट त्यात होती. पानं, फोटो, पत्ता, सगळं.

काकू : तरीच मी म्हणते, सकाळपासून फोन कसा नाही! एरवी कोणी ना कोणी किल्ली आत विसरून दाराबाहेर उभं असतंच. म्हणून तुला बोलावलं गं बाई. आलीस, बरं वाटलं.

काका : तू आता आगीत तेल ओतू नकोस. ठके, आपण कुलूपवाले. कुलपात मोडलेली किल्ली बाहेर काढणारी माणसं. हा तर नुसता कॉम्प्युटर आहे.

ठकी : तिथल्या कचरापेटीत पडलं असेल तर परत ओढता येतं. थांबा... ही तर कोरी आहे.

काका : ती पण रिकामी केली. कचरा काय सांभाळून ठेवायचा?

ठकी : धन्य आहे! साइटला जागा देणारे होस्टिंगवाले आपोआप बॅकअप ठेवायचे, तोही इथे दिसत नाही.

काका : तो मीच तुला बंद करायला लावला होता. एकाच वस्तूचे दोन दोन नग कशाला जागा अडवून?

ठकी : किल्लीवाले ना तुम्ही? 'एक जादाची करून घरात ठेवा' म्हणून अख्ख्या जगाला सांगता.

काकू : बोल, बोल. माझं तर कोणी ऐकत नाही.

काका : बरं, चुकलं. आता होईल का काही? खरं सांग. हल्ली दारावरची पाटी कोण वाचतं? दार बंद झालं की माणूस मोबाइलमध्येच शोधतो. तिथे मी दिसलो नाही तर असून नसल्यासारखा.

ठकी : एक प्रत आहे. माझ्या पेनड्राइव्हवर. पण जुनी आहे.

काका : किती जुनी?

ठकी : तुम्ही सांगितलेला शेवटचा बदल करायच्या आधीची. त्यानंतर मी या साइटला हातच लावला नाही.

काकू : कोणता गं बदल?

ठकी : बाबांचं नाव काढलं, तो.

काकू : ...मी चहा टाकते.

काका : बस खाली. चहा नंतर. लाव गं ती प्रत. पाटी तरी दिसू दे.

ठकी : चढवली. आता फाइलींचा गठ्ठा सोडते... झालं. बघा.

(पडद्यावर जुनं पान उघडतं. वर दोघा भावांचा फोटो.)

काकू : अगंबाई, दोघं कसे हसताय! माझं तर लक्षातच नव्हतं, असे हसायचात तुम्ही. खाली काय लिहिलंय, वाच की. माझा चष्मा आत राहिला.

ठकी : 'दोघे भाऊ, एक दुकान. थोरला कुलूप उघडतो, धाकटा किल्ली घडवतो.'

काकू : भावजींचं वाक्य ते.

काका : त्याला बोलायला काय! शब्द गोड नि काम अघळपघळ. तुझ्या बापाने आयुष्यात एका डब्यावर चिठ्ठी लावली नाही.

ठकी : त्यांना गरज नव्हती. आजोबांपासूनच्या नमुन्याच्या किल्ल्या होत्या त्यांच्या डब्यात. न बघता हात घालायचे आणि हवी तीच बाहेर काढायचे.

काका : मला काय स्वप्न पडणार होतं? गंजका डबा, वर नाव नाही...

ठकी : म्हणून भंगारात दिलात.

काका : साफसफाईचा दिवस होता.

ठकी : आजही साफसफाईचाच होता, काका. फरक एवढाच, बाबांच्या डब्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

काकू : ठके, जाऊ दे ना.

ठकी : नाही काकू, बोलू दे. डब्याचा राग केव्हाच गेला. तुम्ही दोघं भांडलात, वेगळे झालात, बाबा आता घरच्या खिडकीत बसून कानशीने किल्ल्या घासतात. असो. पण नाव काढायचं काम माझ्यावर का टाकलंत? बाबा शेजारीच बसले होते. 'काढ गं, वाद नको' म्हणाले. मी पुसलं आणि ते बघत राहिले. फार लागलं मला ते.

काका : मला येत नव्हतं गं. म्हणून तुला सांगितलं.

ठकी : मग आज शिका. हा फोल्डर. त्यात ही फाइल. हिच्यावर 'एडिट'. ही बाबांच्या नावाची ओळ, तिच्याखाली त्यांचा नंबर. माउसने निवडायचं, डिलीट दाबायचं, मग सेव्ह. एवढंच. या वेळी मी नाही करणार.

काका : सरक जरा.

काकू : अहो...

काका : गप गं. मला अक्षरं लागू देत. ...लोक अजून विचारतात, 'छोटे मास्तर कुठे?' मी म्हणतो, बाहेर गेलेत.

काकू : इतकी वर्षं बाहेरच आहेत बिचारे!

काका : परवा एक बाई आल्या. जुनं कपाट, सासूबाईंचं. किल्ली घासून घासून हात दुखले, बसेना. म्हटलं, दुसरीकडे बघा. दुसरीकडे म्हणजे कुठे, ते मला ठाऊक होतं. तोंडातून निघालं नाही.

ठकी : काका, असंच बसून राहिलात तर हे पान आपोआप बंद होईल. काढताय ना ओळ?

काका : हा नंबर दुकानातलाच ना, जुना?

ठकी : हो. कधीच बंद झाला तो.

काका : मग बंद नंबर काय कामाचा? लोक लावत बसतील नि मला शिव्या घालतील. हा बघ, पुसला. गेला ना सगळा?

ठकी : गेला. आता वरचं नाव.

काका : थांब. मी एका बोटाने टाईप करतो. घाई करू नकोस.

काकू : आता काय लिहिताय?

काका : नंबर. दिसत नाही का?

ठकी : काका... हा तर बाबांचा नवा नंबर. मी कुठे सांगितला अजून?

काका : ते सेव्हचं बटण कुठे आहे गं?