ओट्यामागची भिंत

...आन् म्हणं प्रायमर कुठला पायजे! आता मला काय म्हाईत? गाईला पेंड कुठली ते इचारा, झोपेत सांगीन! तुम्हाला सांगतो, नुसता प्रायमर आणायचा व्हता हो!

आमची स्नेहल, वैशाखात लगीन होऊन सणसवाडीला गेलेली, तिचा फोन आला. "पप्पा, दिवाळीला सासू-सासरे येणारेत. ओट्यामागची भिंत रंगवा, लय कळकट दिसतीया. आन् आधी प्रायमर मारा!" लेकीचा हुकूम! मी लगेच फडकं घेऊन भिंत पुसाय गेलो, तर आमची मंडळी अंगावरच आली की! "त्या डागाला हात लावायचा न्हाई!"

कसला डाग? अवो, हळदीच्या दिवशी पोरगी पाटावर बसलेली, आन् आत दूध उतू चाललं. मांडवभर बाया, पण उठलं कोण? नवरीच! पळत आली, एका हातानं गॅस बंद केला, दुसरा टेकला भिंतीला. तेलातल्या हळदीचा पंजा, पाची बोटं! वर आईलाच म्हणती, "मी गेल्यावर दुधाकडं कोण बघायचं गं?" झालं! तवापासनं मंडळी सगळी भिंत घासती, तेवढी जागा सोडून.

बरं, पण लेकीचा हुकूम मोडायचा कसा? शिरूरला गेलो दोघं. डाग हळदीचा हाय म्हणल्यावर दुकानदार इमामभाई म्हणतो, "आप्पा, ऑइलचा देऊ का पाण्यातला? ऑइलच्यानं डाग कायमचा दबतो. पाण्यातल्याचा भरोसा न्हाई, हळद फुटून वर येती." मी म्हणलं, द्या ऑइलचा! तर मागनं मंडळी, "पाण्यातलाच द्या, भाऊ."

"अवो वहिनी, डाग वर येईल!"

"येऊ द्या."

मी म्हणणार व्हतो, अगं येडी का खुळी... तर तिचे डोळे भरलेले. मग मी बी पाण्यातल्याचंच पैसं दिलं. लेक माझी बी हाय की हो! पण नुसता प्रायमर आणायचा व्हता...

प्रायमर मारला, वर रंग मारला, भिंत पांढरीफेक! आन् मंडळीला घास गोड लागंना. सारखी जाऊन बघती, "अवो, दिसतंय का काही?" मी म्हणलं, अगं, कोंबडी अंड्यावर बसवलीय का!

दिवाळीला पाव्हणं आलं. स्नेहल ओट्याशी गेली, आन् भिंतीवर पाची बोटं, पिवळी, अशी वर आलेली! पोरगी वरडली, "पप्पा! कसला प्रायमर आणला हो? नुसता प्रायमर आणायला सांगितला व्हता!"

मी मंडळीकडं बघितलं. मंडळी लेकीच्या पाठीवरनं हात फिरवीत काय म्हणली असंल?

"जाऊ दे गं बाई. ह्यांना एक काम धड जमंल तर शप्पथ!"

...म्हणलं, व्हय. माझंच चुकलं.