काळजावरचा भुंगेरा

—नाही नाही, झाकण नको लावूस अजून. थांब जरा, बाबा. नदीपलीकडून आमच्या बाईसाहेबांना, बाकेतबाईंना, घेऊन आलास, तेव्हापासून बघतेय, नजरेला नजर देत नाहीस तू. काळजावरचा तो हिरवा दगडी भुंगेरा ठेवलास ना पट्ट्यांच्या आत? हो म्हणतोस—पण मान इतकी घाईनं कशी डोलली रे? मढ्यात मसाला भरणारे तुम्ही, तुमचे हात मी ओळखते. कोठारप्रमुखाच्या मेलेल्या आईच्या गळ्यातले मणी बाजारात कुठून आले मग? तू नव्हतास. बरं, तू नव्हतास. कुणीच नसतं कधी!

मी कोण? मी दाई. तिच्या माहेराहून तिच्याबरोबर आलेली. तापात शेवटचं पाणी ह्याच हातानं पाजलं. फार देवभोळी हो—पाणघोडीदेवीला, तावेरेतला, दर अमावस्येला दूध वाहायची, कूस उजवू दे म्हणून. आणि पावली की देवी! ते बाहेर घसरगाडीला बैल जुंपून घेतायत ना, पासेर धनी, तेच. आज आईच्या ओठांना तासणी लावून तेच तोंड उघडतील, मग परलोकात ती जेवेल, बोलेल. त्याला मुलाचाच हात लागतो.

असा काय बघतोस? त्यांच्याकडे, मग माझ्याकडे? नाक?—मेल्या, उन्हात सगळ्यांची नाकं सारखीच दिसतात! तिनं पदरात घेतलं त्याला, जीव लावला, मी नुसती नऊ महिने... जाऊ दे. तुला काय सांगायचं! पण तिथे तराजूत काळीज ठेवतात, एका पिसासमोर, आणि ते मेलं खोटं बोलत नाही. 'कुणाचा मुलगा?' विचारलं तर? म्हणून तो भुंगेरा रे. त्यावर कोरलंय—काळजा, माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस. तो नसला तर ते मगरतोंडं जनावर बसलेलंच आहे तराजूखाली. इतक्या गुणाच्या बाईला गिळेल, एका मायेपायी!

सरक, मलाच चाचपू दे. छातीवर... इथे नाही... हं. लागलं. कठीण लागतंय. भुंगेराच ना? की नदीतली गारगोटी दिलीस कोंबून? घे शपथ. देवाची नको, देवांशी रोजचा व्यवहार तुमचा. आईची घे... डोळे का भरले तुझे? बरं. बरं, बाबा. ठेवला विश्वास मी.

काय म्हणतायत धनी? 'दाई, तू मागे चाल, आईजवळ मी आहे.'—हो हो, धनी, मागेच चालते!

लाव झाकण. लाव लवकर. आणि तू काही ऐकलेलं नाहीस.