वेबसाइटला लिंबू-मिरची

चिंचोळी एमआयडीसीच्या बसमध्ये पुढच्या सीटवर गळ्यात कंपनीची ओळखपत्रं घातलेले दोघं होते.

"युवराजसर, चादरवाल्यांची वेबसाइट परत बंद पडली. त्यांचे मालक आपल्या ऑफिसात येऊन बसलेत."

"सर्व्हरच फालतू हाय, ऋतुजा."

"सर्व्हर तर बदलला की. खंडेनवमीला तुम्हीच नव्या मशीनला हळदकुंकू लावून लिंबू-मिरची बांधली."

"मग डेटाबेस बदल."

"तोही बदलून झाला, सर."

"मग वेबसाइट बनवायच्या ह्या टूलमध्येच लई घोळ हाय बघ. नवीन घेऊ."

"पण स्क्रीनवर एरर येते, ती तुम्ही वाचता का?"

"कोण वाचत बसतंय? आली की बंद करतो."

"मी आज वाचली. दर वेळी एकाच फाइलचं नाव येतंय. तुम्ही लिहिलेल्या."

"व्हय?"

"व्हय."

"मग मालकांनी बघायच्या आत त्या फाइलचं नाव बदलून टाक की."